स्टीलच्या पट्ट्याचे घड्याळ मनगटावर फिरते : आणखी एक कडी काढावी का?

पायरीवाला (सहकारनगर)

नमस्कार. गेल्या महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झालो, तेव्हा मुलीने मला स्टीलच्या पट्ट्याचे एक जपानी ऑटोमॅटिक घड्याळ भेट दिले. आजवर मी फक्त चामड्याचे पट्टे वापरले. सैल वाटला तर एक भोक पुढे आणि घट्ट वाटला तर एक भोक मागे, एवढ्यावर त्यांचे भागत असे. धातूच्या पट्ट्याचे गणित निराळे असते हे मला आता कळू लागले आहे.

पहिल्यांदा घातले तेव्हा घड्याळ बांगडीसारखे कोपराकडे घसरत होते, म्हणून मी ते घराजवळच्या एका दुकानात नेले. तेथील मुलाने माझ्या मनगटाकडे एकवार पाहिले, लॉकच्या शेजारच्या तीन कड्या एकदम काढल्या, पट्टा जोडला आणि पाच मिनिटांत घड्याळ माझ्या हातावर चढवले. दुकानात वातानुकूलन होते आणि तेथे ते अगदी नेमके बसले होते, त्यामुळे मीही समाधानाने पैसे देऊन बाहेर पडलो.

तक्रार घरी आल्यावर सुरू झाली. मी रोज पहाटे पर्वती चढतो. निघताना घड्याळ घातले की तबकडी अंगठ्याच्या बाजूला कलते आणि १०३ पायऱ्या चढून होईपर्यंत मला ती चार-पाच वेळा हाताने सरळ करावी लागते, म्हणजे पट्टा सैल आहे असे म्हणावे लागेल. पण खाली उतरून घरी येईपर्यंत तोच पट्टा इतका आवळतो की काढल्यावर कड्यांचे वळ कातडीवर उमटलेले दिसतात. याशिवाय दुपारी मी जुने मोडी कागद वाचायला बसतो, तेव्हा डाव्या हाताने कागद धरला की लॉकची कड अंगठ्याखालच्या हाडाला टोचते. चौथी त्रासदायक गोष्ट म्हणजे लॉकजवळच्या एका कडीची पिन दिवसातून एकदा तरी तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी बाहेर येते, सदऱ्याच्या बाहीत अडकते आणि मी ती नखाने पुन्हा आत ढकलतो.

काढलेल्या कड्या दुकानदाराने प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात घालून दिल्या आहेत. एकमेकींना जोडलेल्या तीन कड्या आणि एक सुटी पिन एवढेच त्यात आहे. तीन कड्यांची एकूण लांबी मी पट्टीने मोजली, ती २७ मिलिमीटर भरली. आणखी एक कडी काढली तर संध्याकाळी घड्याळ हाताला बसणारच नाही आणि एक परत घातली तर सकाळी ते मनगटभर हिंडेल, अशा पेचात मी आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

मिलिमीटर (कर्वेनगर)

आपण लांबी मोजून लिहिलीत हे फार बरे झाले, कारण या विषयात अंदाजाने बोलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आपली एक कडी ९ मिलिमीटरची आहे. मनगटाचा घेर सकाळ आणि संध्याकाळ यांच्यात काही मिलिमीटरच बदलतो, तेव्हा ९ मिलिमीटरच्या पावलांनी तो बदल गाठता येणार नाही हे उघड आहे. कडी काढणे किंवा घालणे हा ढोबळ उपाय आहे. बारीक उपाय लॉकमध्ये असतो आणि तो आपल्याला कोणी दाखवलेला दिसत नाही.

मात्र त्याआधी एक शंका दूर करतो. आपले घड्याळ सैल आहे असे मला वाटत नाही. ते एका बाजूला ओढले गेले आहे.

पट्ट्याचे दोन भाग असतात, एक तबकडीच्या बाराच्या आकड्याकडून निघणारा आणि दुसरा सहाच्या आकड्याकडून निघणारा. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर सहाची बाजू अंगठ्याकडे आणि बाराची बाजू करंगळीकडे येते. लॉक अंगठ्याखालच्या हाडाशी आले आहे असे आपण लिहिता, त्यावरून तिन्ही कड्या सहाच्या बाजूने काढल्या गेल्या असाव्यात. त्यामुळे ती बाजू आखूड झाली आणि लॉक मनगटाच्या तळाच्या मध्यावरून अंगठ्याकडे सरकले. आता लॉक हा पट्ट्यातला सर्वांत लांब, सपाट आणि न वाकणारा तुकडा आहे, तर मनगटाचा आतला भाग हीच त्याला बसण्याजोगी सपाट जागा आहे. हात हलू लागला की लॉक त्या जागेकडे घसरते, आणि लॉक तळाशी करंगळीकडे सरकले की वरची तबकडी त्याच मापाने अंगठ्याकडे कलते. आपण तबकडी सरळ करता तेव्हा लॉक पुन्हा हाडावर चढते. सकाळचा ‘सैलपणा’ आणि दुपारचे टोचणे या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत.

यावर उपाय असा की एकूण लांबी तशीच ठेवून बाराच्या बाजूची एक कडी काढावी आणि सहाच्या बाजूला एक कडी परत घालावी. लॉक ९ मिलिमीटरने करंगळीकडे सरकेल आणि सहाच्या बाजूने दोन, बाराच्या बाजूने एक अशी वाटणी होईल. सहाची बाजू एका कडीने आखूड असणे बहुतेक हातांना सोयीचे पडते, त्यामुळे दीड-दीडचा हिशेब जमत नाही याची चिंता करू नये. फक्त सगळ्याच कड्या निघत नाहीत हे ध्यानात असू द्यावे. ज्यांच्या आतल्या अंगाला बाण कोरलेला असतो त्याच काढण्यासाठी असतात. आपल्या पट्ट्यात बाराच्या बाजूला बाणाची कडी आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.

हे झाल्यावर लॉककडे वळावे. लॉक बंद करून त्याची अरुंद कड उजेडात धरली तर तेथे टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची एक ओळ दिसेल. बहुधा तीन ते सहा भोके असतात आणि त्यांतल्या एकात स्प्रिंग बार, म्हणजे दोन्ही टोके आत दबणारी बारीक दांडी, बसवलेली असते. दातकोरण्याने तिचे टोक आत दाबावे, पट्टा हलकेच सरकवावा आणि शेजारच्या भोकात टोक ‘टक्’ असे बसू द्यावे. लॉकच्या बाहेरच्या कडेकडे सरकवले तर पट्टा लांब होतो आणि मध्याकडे सरकवले तर आखूड होतो. दोन्ही टोके समोरासमोरच्याच भोकांत बसली आहेत याची खात्री केल्याशिवाय घड्याळ हातावर चढवू नये.

पट्ट्याचे माप सकाळी ठरवू नये आणि वातानुकूलित दुकानात तर मुळीच ठरवू नये. उष्म्याने आणि चालण्याने हात फुगतो. पर्वतीवरून उतरल्यावर दहा मिनिटे बसावे आणि मग माप पाहावे. त्या वेळी लॉकखाली करंगळी सहज सरकली पाहिजे, पण तर्जनी अडली पाहिजे. सकाळी घड्याळ थोडे हलले तर हलू द्यावे. धातूचा पट्टा चामड्यासारखा चिकटून बसावा अशी अपेक्षाच धरू नये.

जाता जाता एक सांगतो. हा सकाळ-संध्याकाळचा फरक कंपन्यांनाही ठाऊक आहे. रोलेक्सच्या ‘ग्लाइडलॉक’ नावाच्या लॉकमध्ये कोणतेही हत्यार न वापरता पट्टा २ मिलिमीटरच्या टप्प्यांनी एकूण सुमारे २० मिलिमीटरपर्यंत लांबवता येतो, तर ट्यूडरच्या ‘टी-फिट’मध्ये पाच टप्प्यांत ८ मिलिमीटरची सोय असते. याउलट दोन्ही बाजूंना फुलपाखरासारखे उघडणारे लॉक दिसायला देखणे असले, तरी त्यात बहुधा अशी भोकेच नसतात आणि मग अर्धी कडी मिळते का, हे शोधत हिंडावे लागते. आपले लॉक त्या जातीचे नसावे अशी आशा आहे.

चिमटा (शनिवार पेठ)

मिलिमीटर यांनी लॉकविषयी लिहिले ते पटले. पण बाहेर येणारी पिन त्यांच्या नजरेतून सुटली आणि माझ्या मते या सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे. ती पिन एके दिवशी पर्वतीच्या पायऱ्यांवर पूर्ण निघाली तर घड्याळ हातावरून दगडावर पडेल. दुरुस्ती होईपर्यंत ते कृपया घालू नका.

माझे वडील घड्याळे दुरुस्त करत असत आणि शाळकरी वयात पट्ट्यांची कामे माझ्या वाट्याला येत, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. कड्या जोडण्याच्या तीन रीती सर्रास आढळतात. पहिल्या रीतीत एका टोकाला चिरलेली पिन असते, तिची चीर स्प्रिंगसारखी पसरते आणि पिनेला भोकात धरून ठेवते. दुसऱ्या रीतीत स्क्रू असतो. तिसरी रीत जपानी पट्ट्यांत, विशेषतः सिकोच्या अनेक पट्ट्यांत, दिसते. तिच्यातली पिन साधी, गुळगुळीत असते आणि तिला धरून ठेवण्याचे काम कडीच्या आत, बहुधा मधल्या तुकड्याच्या भोकात, बसवलेली एक इवलीशी नळी करते. तिला कॉलर म्हणतात. मोहरीच्या दाण्याशेजारी ठेवली तर मोहरी मोठी वाटावी, एवढीच ती असते. पिन ठोकून बाहेर काढताना ही कॉलर खाली पडते आणि ज्याला ती असते हे माहीत नाही, तो ती झाडून टाकतो. मग पिन नुसतीच भोकात राहते आणि हात हलेल तशी बाहेर येते.

आपल्या पाकिटातील ऐवज याला दुजोरा देतो. तीन कड्यांचा जोड काढण्यासाठी दोन पिना काढाव्या लागतात आणि उरलेला पट्टा जोडताना त्यांतली एकच परत वापरली जाते. म्हणजे पाकिटात एक सुटी पिन आणि तिच्यासोबत एक सुटी कॉलर असायला हवी होती. कॉलर नाही, आणि पट्ट्यातली पिन सरकते आहे, याचा अर्थ दोन्ही कॉलरी त्या दुकानाच्या फरशीवर गेल्या.

तरीही घाबरण्याचे कारण नाही, कारण आपल्याला हव्या तेवढ्या कॉलरी आपल्याच पाकिटात आहेत. जोडलेल्या तीन कड्यांच्या मध्ये दोन पिना आहेत आणि त्या दोन पिनांच्या दोन कॉलरी अजून जागेवर असणार. तो जोड सोडवला की दोन्ही हाती येतील. मिलिमीटर म्हणतात तशी सहाच्या बाजूला एक कडी परत घालायची असेल तर तिच्या दोन्ही टोकांना एक-एक, अशा बरोबर दोनच कॉलरी लागतात. शिवाय बाराच्या बाजूची एक कडी काढली की एक पिन आणि एक कॉलर शिल्लक पडेल, ती पाकिटात जपून ठेवावी.

काम घरी करायचे ठरवलेत तर हत्यारे फार लागत नाहीत : १ मिलिमीटरच्या आतबाहेरचा एक बारीक टोच्या, लहान हातोडी, टोकदार चिमटा आणि पट्टा उभा धरायला खाचा असलेला प्लॅस्टिकचा ठोकळा. बोहरी आळीत चक्कर मारलीत तर हे सगळे एका फेरीत मिळावे. स्क्रूच्या दांड्याने पिन ढकलणारे एक छोटे यंत्रही मिळते, पण स्वस्त यंत्राचे टोक घट्ट पिनेपुढे वाकते, असा माझा अनुभव आहे; सरळ टोच्या आणि हातोडी मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

काम स्टीलच्या मोठ्या ताटात जाड पंचा अंथरून त्यावर करावे. ताटाची कड उडालेली वस्तू अडवते आणि पंच्यामुळे ती टणकन उसळत नाही. पट्टा आधी कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावा, कारण कड्यांत घाम आणि मळ साचला की पिना अकारण घट्ट होतात. मात्र घड्याळ पाण्यात चालणारे नसेल तर पट्टा डबीपासून सोडवूनच धुवावा. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलावी आणि घालताना बाणाच्या उलट दिशेने घालावी. कॉलर आधी चिमट्याने मधल्या भोकात बसवावी, दोन्ही कड्या जुळवाव्यात, पिन बोटाने जाईल तेवढी घालावी आणि शेवटचा भाग हलक्या हाताने ठोकून बसवावा. पिन विनासायास आत गेली तर कॉलर जागेवर नाही असे समजावे. ठोकताना थोडा प्रतिकार जाणवलाच पाहिजे.

स्क्रूच्या पट्ट्याचे वाचक येथे असतील त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्यावा, नाही तर खाच झिजते. कारखान्यात अनेकदा स्क्रूला चिकटद्रव लावलेला असतो. स्क्रू हलत नसेल तर जोर करू नये, केस वाळवण्याच्या यंत्राने त्याला थोडी ऊब द्यावी आणि मग प्रयत्न करावा.

दाराबाहेरचा (नारायण पेठ)

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण सत्तावन्न-अठ्ठावन्न वयाच्या गृहस्थांनी मोहरीएवढ्या नळ्या चिमट्याने उचलाव्यात, असा सल्ला देण्यापूर्वी चष्म्याचा विचार व्हायला हवा होता. हे काम जुन्या घड्याळजीकडे द्यावे. लक्ष्मी रस्त्याच्या आसपासच्या पेठांत डोळ्याला भिंग लावून बसणारे कारागीर अजून आहेत. ‘पट्टा बरोबर करून द्या’ असे मोघम न सांगता ‘बाराच्या बाजूची एक काढा, सहाच्या बाजूला एक घाला, आणि दोन्ही कॉलरी बसवल्यात ना ते मला दाखवा’ असे सांगावे. असे बोलणाऱ्या ग्राहकाचे काम कोणीही घाईत करत नाही.

जुनी_चावी (औंध)

थोडे विषयाला लागूनच विचारते. माझ्या सासऱ्यांचे चावीचे एचएमटी घड्याळ मी वापरते. त्याला ताणला जाणारा स्प्रिंगचा पट्टा आहे. तो मला बराच सैल होतो आणि हातावरची लव त्यात ओढली जाते. त्यात पिनाही दिसत नाहीत आणि बाणही दिसत नाहीत. तो लहान करता येतो का?

चिमटा (शनिवार पेठ)

करता येतो, पण त्याची रीत निराळी आहे. त्या पट्ट्याच्या कड्या दोन थरांच्या असतात आणि बारीक, इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या चापांनी एकमेकींत अडकवलेल्या असतात. आतल्या बाजूने पाहिल्यास काढायच्या तुकड्याच्या वरच्या थरात आणि शेजारच्या खालच्या थरात दुमडलेली पत्र्याची पाती दिसतील. ती उचलली की तुकडा बाजूला सरकून निघतो. पाती जुनी असतील तर दुसऱ्यांदा वाकवताना तुटतात, म्हणून एकाच वेळी विचार करून हवे तेवढे तुकडे काढावेत. लव ओढली जाणे मात्र थांबणार नाही. कड्या ताणल्या आणि मिटल्या की ती मध्ये सापडतेच, आणि पट्टा घट्ट केला तर अधिक सापडते. सासऱ्यांची आठवण घड्याळात असेल आणि पट्ट्यात नसेल, तर घड्याळाला पट्टा जेथे अडकतो त्या दोन शिंगांमधले अंतर मोजून चामड्याचा पट्टा लावावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

पायरीवाला (सहकारनगर)

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण वापरून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

दाराबाहेरचा यांनी चष्म्याची आठवण करून दिली, पण मोडीची किरटी अक्षरे वाचण्यासाठी माझ्याकडे दिव्याचे भिंग आहे, तेव्हा काम घरीच करावे असा धीर झाला. मुलगी मदतीला बसली. पाकिटातल्या तीन कड्यांचा जोड ठोकळ्यावर उभा धरून पहिली पिन बाणाच्या दिशेने ठोकली, तेव्हा पिनेबरोबर काहीच पडले नाही आणि चिमटा यांचे निदान चुकले असे आम्हांला क्षणभर वाटले. मग मुलीने मधला तुकडा पंच्यावर आपटला आणि भिंगाखाली एक चकचकीत ठिपका दिसला. चिमट्यात धरून उजेडाकडे केला तेव्हा त्यातून आरपार दिसले. ही नळी न दाखवता जर कोणी मला सांगितले असते की माझे घड्याळ हिच्या भरवशावर हातावर टिकते, तर मी विश्वास ठेवला नसता.

दुसरी कॉलर मिळाली आणि पंच्याच्या घडीत हरवली. ती शोधण्यात पाऊण तास गेला. अखेरीस ती मुलीच्या बाहीला चिकटलेली सापडली. पुढच्या वेळी गुळगुळीत कापड घ्यावे, पंच्याचे धागे नडतात, एवढी दुरुस्ती मी चिमटा यांच्या कृतीत नम्रपणे सुचवतो.

सहाच्या बाजूला कडी घातली. आता पिन शेवटच्या दोन मिलिमीटरांत खरोखरच अडली आणि ठोकूनच बसवावी लागली. दुकानातून आलेली पिन बोटाने आतबाहेर होत होती, तो फरक हाताला लगेच कळला. बाराच्या बाजूला बाणाच्या कड्या होत्या, त्यांतली एक काढली. लॉकच्या कडेला चार भोके निघाली. दुकानातल्या मुलाने स्प्रिंग बार सर्वांत आतल्या भोकात ठेवला होता, म्हणजे पट्टा होईल तेवढा आखूड केला होता. दोन भोकांतील अंतर अडीच मिलिमीटर भरते. पर्वतीवरून उतरल्यावर मापून पाहिले आणि तो एक भोक बाहेर घेतला.

मजेची गोष्ट अशी की पट्टा आता पूर्वीपेक्षा अडीच मिलिमीटरने लांब आहे आणि तरीही सकाळी तबकडी कलत नाही. मिलिमीटर यांनी सैलपणा नाही असे लिहिले, तेव्हा मला तो शब्दच्छल वाटला होता. कालच्या उकाड्यात संध्याकाळी आणखी एक भोक बाहेर घ्यावे असे वाटले होते, पण रात्री जेवण झाल्यावर ती गरज राहिली नाही. मे महिन्यात बहुधा घ्यावे लागेल. कागद धरताना लॉक आता तळहाताच्या रेषेत मध्यावर टेकते आणि हाड मोकळे राहते.

पाकिटात सध्या तीन सुट्या कड्या, तीन पिना आणि एक कॉलर आहे. कॉलर मुलीने पारदर्शक चिकटपट्टीखाली कागदावर चिकटवली आहे आणि तिच्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढले आहे, नाही तर पुढे कोणी तरी तो कागद कोरा समजून टाकून देईल.